चाखून पाहिलेलं काश्मीर

वर काश्मीर वाचून तुम्ही जरा सावरून बसला असाल. म्हणजे आता पहिल्या पानावर चिनार, मग शिकारा, मग बर्फाकडे बघता बघता लेखकाला आयुष्याबद्दल काहीतरी एकदम कळतं आणि शेवटी जड पावलांनी परतीची गाडी. तसलं इथे काही मिळणार नाही. मी काश्मीरला गेलेलो नाही. केरळलाही नाही. राजस्थान तर मी अजून नकाशात शोधायला लागलो की आधी गुजरातवर बोट ठेवतो. पण त्या वर्षी कसबा पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून मी या तिन्ही ठिकाणी माणसं नेली, फिरवली, भांडायला लावली आणि जेवायच्या वेळेला घरी आणून सोडली. कुणाकडून पैसा घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, कारण जो घोटाळा झाला तो फुकट असल्यामुळेच झाला. सूर्यास्त बघायचा असेल तर दुसरं पुस्तक उघडा. मला राग नाही.

मी बार्शीचा. शाळेत माझी ओळख म्हणजे मुख्याध्यापकांचा खोकला. ते व्हरांड्यातून यायच्या आधी त्यांचा खोकला यायचा आणि सगळे वर्ग चिडीचूप व्हायचे. तो खोकला मला हुबेहूब जमायचा. एकदा मी मुतारीतून खोकलो तर शिक्षकांच्या खोलीतून दोन मास्तर बिड्या विझवत वर्गावर पळाले. त्याबद्दल जो मार बसला तो बसला, पण त्या दिवशी मला कळलं की आपल्या गळ्यात काहीतरी आहे.

त्याच गळ्यावर मला पुण्यात नोकरी लागली. तेव्हा पुण्यात काचेच्या बिल्डिंगा भराभर उगवत होत्या आणि आत बसून फोन घ्यायला पोरं कमी पडत होती. माझं इंग्रजी मराठी मीडियमचं. पण मुलाखतीत बाईंनी विचारलं, इंग्लिश बोलून दाखव, तर मी विचारलं, कुठल्या देशाचं? आणि टीव्हीवर ऐकलेल्या तीन देशांच्या क्रिकेट समालोचकांचं एकेक षटक टाकलं. व्याकरण सगळं चुकीचं, सूर सगळे बरोबर. घेतलं मला.

काम काय, तर अमेरिकेतल्या लोकांना अमेरिकेतलीच हॉटेलं विकायची. कानाला हेडफोन, समोर फोटो, पलीकडे एखाद्या आजीबाई, ज्यांना समुद्राकाठी आठवडा काढायचाय. मी त्यांना सांगायचो, मॅडम, समुद्र दिसणारी खोली घेतली तर जास्त पडतील, पार्किंग दिसणारी घेतली तर कमी. पण सकाळी पडदा उघडल्यावर जो गार वारा तोंडावर येतो ना, त्याचे पैसे मी वेगळे लावत नाही. आजी विरघळायच्या. मी स्वतः तोवर समुद्र पाहिला नव्हता. पार्किंग पाहिलं होतं.

राहायला काका-काकूंकडे. नात्यातले नाहीत, मी त्यांचा भाडेकरू. त्यांची मुलगी लग्न होऊन चिंचवडला गेली आणि तिची खोली मला मिळाली. पण 'घरमालक' हा शब्द काकूंनी पहिल्याच आठवड्यात बंद पाडला. म्हणाल्या, तो शब्द ऐकला की मला नळ दुरुस्त करावासा वाटतो.

काका केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होते. पुढच्या वर्षी रिटायर होणार. आणि नोकरीतली शेवटची एलटीसी शिल्लक होती. एलटीसी म्हणजे सहकुटुंब भारतात कुठेही जा, जाण्यायेण्याचं भाडं सरकार देतं. रिटायर झालात की संपलं. म्हणजे या मे महिन्यात गेले तर गेले, नाहीतर गेलीच.

आता जाण्यायेण्याचं सरकार देतं, पण तिथे राहण्याखाण्याचं देत नाही. इथे काकांची गाडी अडायची. त्यावर त्यांनी आयुष्यभर एकच तोडगा वापरला होता: जिथे नातेवाईक, तिथे सहल. सोलापूरला चुलतभाऊ, म्हणून सोलापूर हे पर्यटनस्थळ. ठाण्याला मेहुणे, म्हणून ठाणे. नागपूरला बहीण, म्हणून भर मे महिन्यात हवापालटाला नागपूर.

"हवा पालटते की नाही?" काका म्हणायचे. "पुण्यापेक्षा वेगळी हवा आहे की नाही?"

"वेगळी आहे," काकू म्हणायच्या. "तव्यावरची आहे."

काकूंची मागणी अगदी साधी होती, आणि ती त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता सांगितली होती. बर्फ नको, वाळवंट नको, राजवाडा नको. असं एक गाव हवं, जिथे आपलं कुणी नाही. सकाळी उठायचं, आणि आज भाजी काय, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असायचं.

"लग्नापासून मी घराबाहेर जितक्या रात्री काढल्या ना," त्या म्हणाल्या, "त्या सगळ्या कुणाच्या तरी घरात. पाहुणी म्हणून जायचं आणि दुसऱ्या दिवशी पोळपाट हातात. एकदा तरी मला बिल भरून जेवायचंय."

काकांनी एक तडजोड पुढे केली होती: बोधगया. विहारात राहायची सोय होईल, खर्च नाही.

काकूंनी हॉलमधल्या बुद्धमूर्तीकडे बघत हात जोडले. "बोधगयेला मी श्रद्धेनं जाणार. ही मला मजेनं जायचीय. दोन्ही एकात घालू नका."

तरी काकांनी माहितीपत्रकं आणली. सदाशिव पेठेतल्या सगळ्या सहलवाल्यांकडची. काश्मीर, केरळ, राजस्थान, गंगटोक, सगळी गुळगुळीत कागदाची, आणि प्रत्येकावर तेच एक हसणारं जोडपं वेगवेगळ्या स्वेटरमध्ये. काका पेन्सिल घेऊन बसायचे. त्यांच्या शंका ऐकण्यासारख्या असायच्या.

"नाश्ता मोफत म्हणतात. मोफत असता तर घरी पाठवला असता."

"हॉटेलचं भाडं दिवसाचं लावतात. त्यातला अर्धा वेळ आपण झोपणार. डोळे मिटून इतके पैसे कुणी घालवतं का?"

"विमानाचं बघा. तिकीट एवढं आणि बसायला मिळतं दोन तास. रेल्वेला पैसे कमी आणि बसायला दोन दिवस. आता यात स्वस्त काय ते तूच सांग, तू कॉम्प्युटरवाला आहेस."

मला हिशेबात चूक सापडायची नाही आणि हसू आवरायचं नाही.

आता काकांची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. काका मंडईत द्राक्षं घ्यायला जायचे. द्राक्षं घ्यायच्या आधी एक चाखून बघायचं, हा पुण्यातला रिवाजच. पण काका पहिल्या गाळ्यावर एक चाखायचे, पुढच्यावर एक, त्याच्या पुढच्यावर हिरवं एक आणि काळं एक. फिरून येईपर्यंत त्यांची इच्छाच मिटायची. मग रिकामी पिशवी हलवत म्हणायचे, झाली की खाऊन, आता कशाला घ्यायची. मंडईतल्या मावश्या त्यांना ओळखून होत्या. एक तर माझ्यादेखत म्हणाली, "साहेब, जेवण झालं असेल तर बडीशेप कुठल्या गाळ्यावर घेताय?"

त्याच दिवशी जिन्यात काकूंनी मला गाठलं. "तू तिकडच्या बायकांना न बघितलेली हॉटेलं विकतोस ना?"

"विकतो."

"मग ह्यांना एक गाव विक. तुझ्या त्या आवाजांत. कुठलंही विक, पण मे महिन्याच्या आत विक."

मला एवढंच पाहिजे होतं. गळा रात्रभर परदेशी वापरून आंबला होता.

पहिला रविवार काश्मीर. हॉलमधला दिवाण म्हणजे शिकारा. काकांना त्यावर बसवलं, शेजारी काकू. खालच्या मजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले चाचा काकांचं घड्याळ द्यायला वर आले होते, त्यांना मागच्या सीटवर घेतलं. चाचांच्या तीन पिढ्या कसब्यात गेल्या, त्यामुळे तेही कुठे गेलेले नव्हते. मी केरसुणी उलटी धरून वल्हवायला लागलो. आधी शिकारावाला झालो, मग शाली विकणारा, मग बरोबरच्या ग्रुपमधले आपलेच लोक. एक बाई, ज्यांना दल सरोवर बघून खडकवासला आठवतो आणि कणीस मिळत नाही म्हणून राग येतो. एक आजोबा, ज्यांना सगळीकडे आधी बाथरूम कुठे ते हवं असतं. आणि सहलीचा मॅनेजर, ज्याचा घसा पहिल्याच दिवशी बसलाय: "मंडळी, निसर्गासाठी पाच मिनिटं, स्वेटर खरेदीसाठी दीड तास."

बर्फासाठी मी फ्रीजचा दरवाजा उघडला. काकांनी पाय पुढे केले.

"वीज जातेय," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे," काका म्हणाले. "काश्मीरच्या मानानं स्वस्त आहे."

शेवटी शिकारावाल्यानं उतरताना जास्त पैसे मागितले, तर काका खरोखर चिडले. ठरलं होतं एक, मागतो एक, असं म्हणून दिवाणावरून उभे राहिले आणि माझ्याशी हिंदीत भांडले. पंधरा मिनिटं. आवाज ऐकून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत लोक आले. चाचांनी मध्ये पडून मिटवलं. काका घामानं निथळत खाली बसले, पाणी प्यायले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळ्यांनी शाबासकी दिली. गाव विकलं गेलं होतं.

काकांनी काश्मीरचं माहितीपत्रक उचललं, त्याच्यावर पेन्सिलीनं बारीकशी टिक केली आणि ते रद्दीत ठेवलं.

"अहो, हे काय?"

"झालं ना."

"काय झालं?"

"काश्मीर. तळं बघितलं, पाय गारठले, शिकारावाल्याशी भांडणही झालं. आता तिथे जाऊन वेगळं काय भांडणार?"

चाचा खोखो हसायला लागले. मीही हसलो, आणि मग काकूंचा चेहरा बघून हसणं गिळलं.

त्या रात्री काकूंनी कामावर दिलेल्या डब्यात कारलं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे, चूक कळली. फार चांगलं केलं म्हणून असं झालं. पुढच्या रविवारी केरळ वाईट करू. म्हणजे नमुना बेचव लागला की माणूस म्हणेल, छे, असं नसणार, जाऊन बघायला पाहिजे. मी केरळात जळवा सोडल्या, होडी उलटवली, केळीच्या पानावरचा भात इतका पातळ केला की तो काकांच्या कोपरापर्यंत ओघळला. नारळाच्या तेलाचा मालिशवाला असा झालो की चाचा शर्टाची बटणं लावून बसले. सगळे हसून लोळले. आणि काका शांतपणे केरळचं माहितीपत्रक रद्दीत ठेवत म्हणाले, "बघ, वेळेवर कळलं. केवढे पैसे वाचले."

म्हणजे गोड लागलं तर पोट भरलं, आणि आंबट लागलं तर सुटलो. दोन्हीकडून गाव कटाप.

राजस्थानला तर हॉल भरला. तोपर्यंत बातमी पसरली होती. खालचे, वरचे, चाचांच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक, सगळे आपापल्या उशा घेऊन. मी चाचांना म्हटलं, तुम्ही उंट व्हा.

"मी उंट होणार नाही," चाचा म्हणाले. "माझे गुडघे गेलेत. मी महाराज होतो."

मग चाचा महाराज झाले, पाटावर बसले, आणि उठेचनात. मी स्वतःच उंट झालो, उंटवाला झालो, किल्ला दाखवणारा गाईडही झालो. जो प्रत्येक खिडकीपाशी म्हणतो, इथे राणी बसायच्या, आणि पुढच्या खिडकीपाशी, इथे त्या बसून कंटाळल्या की यायच्या. मला इतकी मजा येत होती की मी हे सगळं कशासाठी करतोय ते साफ विसरलो. टाळ्या पडल्या की मी उंटावरून उतरतच नाही, हा माझा जन्मजात दोष आहे. शेवटी काकांनी टिक केली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"तुला मी विकायला सांगितलं होतं."

"काकू, मी प्रयत्न..."

"तू वाटून टाकलंस. तीन गावं होती, तिन्ही वाटून टाकलीस. बिल्डिंगमधली सगळी माणसं फिरून आली. मी चहा करत होते."

खरं होतं ते. तिन्ही रविवारी पाचसहा वेळा चहा झाला होता. काश्मीरमध्ये त्या थोडा वेळ शिकाऱ्यात बसल्या होत्या, नंतर आतच.

त्यातच नागपूरहून फोन आला. काकांच्या बहिणीचा. नातवाचा पहिला वाढदिवस मे महिन्यात, मोठा करायचाय, घरात शंभर माणसं, वहिनीला आधीच पाठव, तिच्या हातची पुरी सगळ्यांना आवडते. काकांचा चेहरा उजळला. जाण्यायेण्याचं सरकार देणार, राहायचं ताई देणार, वर केक.

"दीक्षाभूमीही होईल," काका म्हणाले.

"दीक्षाभूमीला मी दर वेळी जाते," काकू म्हणाल्या. "कणीक भिजवून ठेवून जाते."

"सोमवारी तिकिटं काढतो."

काकूंनी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तरी बंद करायला उठल्या नाहीत, तेव्हा मी जाऊन गॅस बंद केला.

म्हणजे मध्ये एकच रविवार उरला. उरलेलं माहितीपत्रकही एकच, गंगटोकचं. पण त्याला मी हात लावणार नव्हतो. तेवढं तरी अख्खं राहू दे.

रविवारी संध्याकाळी पुन्हा हॉल भरला. चाचा पाटाकडे बघून म्हणाले, "आज कुठे? आज राज्य आहे का मला?"

"आज भारत दर्शन," मी म्हटलं. "एका तिकिटात तीन शहरं."

मी छत्री उंच धरली, बसलेल्या घशाचा मॅनेजर झालो. "मंडळी, पटापट उतरा. हे सोलापूर. भुईकोट किल्ला उजव्या हाताला, तो आपल्याला बघायचा नाही. आपण आलोय इथलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण बघायला. चुलत दिरांचं स्वयंपाकघर."

लोक हसायला लागले. मी टॉवेलचा पदर खांद्यावर घेतला, आणि जे आजवर केलं नव्हतं ते केलं. काकू झालो. पोळी लाटताना त्या मान जराशी डावीकडे कलवतात, कपाळावरचा घाम मनगटानं टिपतात, आणि हात न थांबवता दाराकडे बघून बोलतात. तसंच बोललो: "तुम्ही पुढे व्हा. एवढ्या पोळ्या उरकते, आलेच."

हशा. चाचांनी मांडीवर थाप मारली. काकाही हसले, मान हलवून, बरोबर आहे अशा अर्थानं.

छत्री वर. "ठाणे. तळी आहेत, तळ्यात होड्या आहेत. मंडळी होडीत बसायला गेलेली आहेत. आपण मात्र डावीकडे वळायचं. मेहुण्यांचं स्वयंपाकघर. इथलं वैशिष्ट्य, इथे खिडकी आहे." आणि पुन्हा मान डावीकडे. "तुम्ही पुढे व्हा. एवढ्या पोळ्या उरकते, आलेच."

आणखी मोठा हशा. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांना इतकं हसू आलं की कप वाजायला लागले.

"नागपूर. शेवटचा मुक्काम. बाहेर ऊन मी म्हणतंय, मंडळी कूलरसमोर झोपलीत..." मी काकांसारखा उताणा पडून पाय हलवत "चहा झाला का गं" केलं, उठलो, पदर घेतला, मान कलवली, मनगट कपाळाला नेलं, "तुम्ही पुढे व्हा," म्हटलं. आणि बघतो तर हॉलमध्ये सगळे हसतायत, फक्त काका थांबलेत.

हसताना मधेच थांबलेला माणूस चमत्कारिक दिसतो. तोंड तसंच असतं, हसू आतून काढून घेतलेलं असतं. बाकीच्यांचंही हसू मग एकेक करत विझलं. मी पदर खाली टाकला.

काकांनी काकूंकडे बघितलं. "ठाण्याला खिडकी होती?"

"होती की."

"काय दिसायचं?"

"समोरच्या बिल्डिंगची भिंत."

"आणि आम्ही होडीत बसलो होतो तेव्हा..."

"तुम्ही सगळे दमून आलात. येताना भेळ आणलीत माझ्यासाठी. मऊ पडली होती," काकू म्हणाल्या, आणि ट्रे घेऊन सगळ्यांना चहा द्यायला लागल्या. कुणी कप उचलेना. शेवटी चाचा उठले, त्यांनी काकूंच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि स्वतः वाटला. म्हणाले, "महाराजांना कधीतरी काम करू द्या."

सोमवारी मी कामावर जायला निघत होतो तेव्हा काका आले. रक्तदान करून आलेल्या माणसासारखा चेहरा होता, पांढरा आणि जरा अभिमानी. त्यांनी एक पाकीट काकूंसमोर ठेवलं.

"गंगटोक," ते म्हणाले. "आगाऊ रक्कम भरली. हॉटेल, तिन्ही वेळचं जेवण, सगळं धरून."

"कुठे आलं ते?"

"नकाशात वर, उजवीकडे. आपलं तिकडे कुणी नाही, मी आठवून बघितलं. चुलत, मावस, आते, कुणीच नाही. सरकारच्या पैशात इतक्या लांब दुसरं काही बसत नाही. आणि तिथे डोंगरावर विहार आहेत मोठमोठे. म्हणजे तुझी श्रद्धा आणि मजा एका भाड्यात."

"मी दोन्ही एकात घालू नका म्हटलं होतं."

"वेगवेगळ्या दिवशी आहेत. मी विचारून घेतलं."

काकूंनी पाकीट उघडलं नाही. पदरानं नुसतं पुसलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. "आणि तू. गंगटोकवर एक शब्द बोलायचा नाहीस. आवाज नाही, छत्री नाही, फ्रीज नाही. चाखून बघितलं तर माझं मन फिरेल, मला माझा स्वभाव माहितीये."

नागपूरला काकांनीच फोन केला. पुऱ्यांसाठी आचारी लावा, म्हणाले. पलीकडून ताई बराच वेळ बोलत होत्या, आणि काका रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून, घरातला पंखा बघत, "हो, हो, गैरसोय आहे खरी," म्हणत होते. तो फोन मला आजही अथपासून इतिपर्यंत करून दाखवता येतो.

मे महिन्यात ते गेले. मी पाळलं. महिनाभर तोंडाला कुलूप. ते गेल्यावर मी मिसळीवर जगलो आणि गंगटोकचं ते उरलेलं माहितीपत्रक वाचून वाचून पाठ केलं. कुठे काय आहे, ढग कुठल्या बाजूनं येतात, सगळं. गळा नुसता खाजत होता.

परत आले त्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग हॉलमध्ये. काका दिवाणावर बसून बॅगेचे पट्टे सोडत होते. काकू उन्हानं रापलेल्या, नाकाचा शेंडा सोललेला, गळ्यात एक लाल लोकरी मफलर. पुण्यात, मे महिन्यात. त्यांनी तो काढला नव्हता. कुणीतरी म्हणालं, सांगा ना, कसं होतं गंगटोक?

आणि माझी बंदी संपली असं मला वाटलं. काका-काकू जाऊन आले, आता मन फिरायचा प्रश्नच नाही. मी टुणकन उठलो, छत्री घेतली आणि सुरू. वळणावळणाची जीप, जीपमध्ये उलटी आलेले आजोबा, विहारातला मोठा भोंगा, खोलीत शिरणारा ढग. मग मान डावीकडे कलवून मी काकू झालो आणि बिल भरून जेवायला बसलो: "अहो, मला विचारलंच नाही हो कुणी भाजी काय करू म्हणून..." हॉल कोसळला. चाचा डोळे पुसत होते. मी पुढच्या वाक्याला श्वास घेतला.

"बस खाली," काकू म्हणाल्या.

मला वाटलं गमतीत. मी ढगाचा आवाज काढला.

"खाली बस म्हणतेय ना."

बसलो.

"अरे मेल्या, तुला गळा दिलाय की मंडईतला लाउडस्पीकर? मी अजून चपला ठेवल्या नाहीत, पाय धुतले नाहीत, आणि तू माझं गंगटोक वाटायला बसलास? काश्मीर वाटलंस, मी काही बोलले नाही. माझं स्वयंपाकघर चव्हाट्यावर मांडलंस, तेही बोलले नाही, म्हटलं जाऊ दे, त्यानं काहीतरी झालं. पण हे माझंय. माझ्याकडे सांगण्यासारखं गाव आजवर एकही नव्हतं. लोक सांगायचे आणि मी आतून ऐकायचे. पहिल्यांदा एक आणलंय ना मी, तर तेही तूच सांगणार? आणि ढग म्हणे खोलीत शिरतो. तुला काय माहिती? कागदावर वाचलंस. माझ्या खोलीत आला होता तो. कसा आला ते तुला ठाऊक नाही, कारण त्याला आवाज नसतो. आणि भाजीचं मी असं म्हणालेच नव्हते. काय म्हणाले होते, ते ह्यांना विचार."

"मला विचारू नका," काका बॅगेतून डोकं वर न काढता म्हणाले. "मी पैसे भरलेत. मला पूर्ण ऐकायचंय."

मी म्हटलं, "काकू, चुकलं. मी फक्त थोडीशी सुरुवात..."

"सुरुवातही मी करणार. चहा तू करणार. ऊठ, सगळ्यांचा टाक, साखर कमी, चाचांना बिनसाखरेचा. आणि कान इकडे ठेव, पण तोंडातून हूं की चूं काढलंस ना, तर उद्यापासून तुझा डबा बंद आणि भाडं दुप्पट. आणि माझ्या आवाजात पुन्हा बोललास तर तुझ्या आईला बार्शीला फोन करून सगळं सांगेन, मुतारीतल्या खोकल्यापासून. दाराशी उभा राहू नकोस, जा आत. नाही, थांब, दार उघडं ठेव, म्हणजे तुला ऐकू येईल. तर काय झालं, पहिल्या दिवशी सकाळी..."

मी आतून काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"मिट," काकू म्हणाल्या.